डोईफोडे दलदलीला निघतात

चिखल तुडवायला कुणी दीड हजार किलोमीटर लांब जातं, यावर कॉलनीचा विश्वास बसायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, डोईफोडे थट्टा करताहेत. पण सोमेश्वर डोईफोडे यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही थट्टा केल्याचं कुणाला आठवेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी शेजारचे सर्जेराव स्वतः चहाला आले. सर्जेराव हे माजी उपसरपंच. गाव सोडून बीडमध्ये राहायला आल्याला बारा वर्षं झाली होती, पण 'माजी' हे पद त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

"सोमेश्वरराव, खरं हाय का? चिखलात चाललाव म्हने?"

"चिखल नव्हे हो, दलदल. ओडिशाच्या किनाऱ्याला खारफुटीचं जंगल आहे. पाठीवर पिशवी घ्यायची, चार दिवस पायवाटांनी चालायचं आणि तंबूत मुक्काम करायचा."

"देव हाय का तिथं कुठला?"

"नाही."

"मंग कुनी पावनेरावळे?"

"नाही हो."

"मंग कावून?"

या 'कावून'ला डोईफोड्यांकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात त्यांच्याकडे आवक-जावकचं टेबल होतं. आलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून आत यायचा आणि गेलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून बाहेर जायचा. सव्वीस वर्षांत किती पाणी आवर्तनात सुटलं, किती अडलं, किती बाष्पीभवनात गेलं, याचे हजारो कागद त्यांनी शिक्के मारून पुढे ढकलले होते आणि त्यांचा पाय कधी ओला झाला नव्हता. मग पुण्यात नोकरीला असलेल्या संस्कृतीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. पाण्यात उभी झाडं, चिखलातून वर आलेली मुळं आणि त्यातून गुडघाभर पाण्यात चाललेली पाचसहा माणसं. डोईफोड्यांनी ती अकरा वेळा पाहिली. बाराव्या वेळी वनमालाबाईंनी मोबाईल काढून घेतला.

संस्कृतीचा ग्रुप मार्चच्या मध्याला तिथं जाणार होता. तिनं वडिलांचं नाव घातलं, पण घालताना एक वाक्य ऐकवलं. "बाबा, माझ्या पदवीदानाला तुमचं ऑडिट निघालं. मला घर लावून द्यायला येणार होतात, तेव्हा साहेबांचा दौरा निघाला. आताही शेवटच्या दिवशी काहीतरी काढाल. मी तिसऱ्यांदा कारण ऐकून घेणार नाही." हे डोईफोड्यांच्या जिव्हारी लागलं. मुलगी चुकीचं बोलली असती तर त्यांनी तिला खडसावलं असतं. ती बरोबर बोलली होती, म्हणून ते दोन दिवस जेवताना गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, या वेळी आभाळ कोसळलं तरी जायचं.

एकदा जायचं ठरल्यावर सल्ल्यांना तोटा उरला नाही. ज्या जिल्ह्यात दलदल औषधालाही सापडत नाही, तिथं दलदलीचे इतके जाणकार असतील याची डोईफोड्यांना कल्पना नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं मगरीच्या डोळ्यांत तिखट टाकायचं सुचवलं. मगर तिखट टाकेपर्यंत थांबेल का, या प्रश्नावर त्यानं 'आपुन आपली तयारी ठेवावी' असं उत्तर दिलं. सर्जेरावांनी जळवांसाठी तंबाखूचा पुडा आणून दिला, आणि डोईफोडे तंबाखू खात नसल्यामुळे तो रोज येऊन स्वतःच थोडा थोडा संपवला.

ग्रुपनं सामानाची यादी धाडली होती. तिच्यात 'जळूमोजे' हा प्रकार होता. जळू पायाला लागू नये म्हणून जाड कापडाचे गुडघ्यापर्यंत मोजे घालतात. बीडच्या बाजारात सहा दुकानं पालथी घातली, पण जळू म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. शेवटी वनमालाबाईंनी मांजरपाट आणून शिंप्याकडे टाकलं. शिंपी हौशी होता. त्यानं मोज्यांना इस्त्रीची घडी पाडली, वर नाडी घातली आणि दोन्हीकडे एकेक खिसा लावून दिला. मोज्याला खिसा कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, सरकारी मानूस हाव. खिसा असलेला बरा." डोईफोडे त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

वैद्यकीय दाखल्याचीही अट होती. 'चार दिवस दलदलीत, बारा किलो वजन घेऊन चालण्यास योग्य' असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, गुडघा दाबून डोईफोड्यांना ओरडू दिलं आणि पेन हातात घेऊन विचारात पडले. "मी दलदल कधी पाहिली नाही. उगाच कसं लिहू? तुम्हाला 'कार्यालयीन कामास योग्य' असं देतो. तेच जरा अवघड असतं." डोईफोड्यांनी तो दाखला तसाच पुण्याला पाठवला आणि आश्चर्य म्हणजे तो चालला.

खरी परवड सरावात झाली. बारा किलोचं ओझं घेऊन रोज पहाटे पाच किलोमीटर चालायचं होतं. ओझं म्हणून पिशवीत काय भरायचं यावर वनमालाबाईंनी एका मिनिटात तोडगा काढला. बारा किलो ज्वारी. "फिरायचंच आहे तर गिरणीवरून फिरा." पहिल्या दिवशी डोईफोडे ज्वारी घेऊन गेले आणि पीठ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी गहू आणून दिले. चौथ्या दिवशी त्यांच्या दारात पाच डबे लागले होते, आणि डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्याही होत्या. आवक-जावकचा जन्म गेलेला माणूस. त्यांनी नकळत डब्यांना क्रमांक दिले. एका गृहिणीनं पीठ जाड आल्याची तक्रार केली, तेव्हा मात्र त्यांना अपमान वाटला.

चिखलात चालायचा सराव करा, असं संस्कृतीनं फोनवर सांगितलं. चिखल कुठून आणायचा? तीन दिवस शोधून त्यांना गावाबाहेरच्या वीटभट्टीवर मातीचा खड्डा सापडला. पँट वर करून, खिशांचे मोजे चढवून ते त्यात उतरले आणि तासभर येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी भट्टीचा मुकादम काठावर उभा राहून कौतुकानं म्हणाला, "गारा लई झ्याक तुडवताव काका. उद्यापासून येळेवर येत जावा, जोडीला गडी देतो." ज्येष्ठ लिपिक डोईफोडे यांनी पाय धुतले आणि पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत.

शेवटची परीक्षा उरली होती. वीस किलोमीटर, एका दमात, पाठीवर पूर्ण सामान. एका सोमवारी डोईफोडे पहिल्या एसटीनं मांजरसुंब्याला उतरले. तिथून चालत बीडला यायचं, थेट कार्यालयात जायचं, उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकायची, असा हिशोब होता. डोक्यावर टोपी, हातात काठी, पाठीवर पोतं होईल एवढी पिशवी आणि पायात मांजरपाटी मोजे. हवा छान होती. पहिले दोन किलोमीटर त्यांना फार बरं वाटलं.

पण आपल्याकडे ओळखीचा माणूस ओझं घेऊन पायी चाललेला दिसला आणि आपण तसेच पुढे गेलो, तर त्यात दोघांचाही अपमान असतो, हे ते विसरले होते. पहिल्या तासात चार मोटारसायकली, एक जीप आणि उसाचा एक ट्रॅक्टर थांबला.

"बसा साहेब."

"नको, चालतोय."

"चालायलाव ते दिसायलंय. कावून चालायलाव?"

एक ओळखीचा शिक्षक तर नाही म्हटल्यावर रागावून निघून गेला आणि त्यानं वनमालाबाईंना फोन करून 'वहिनी, झालं गेलं विसरा, साहेब घर सोडून चाललेत' असं कळवलं.

खडकवस्ती फाट्यावर दहा-बारा बाया घागरी रांगेत मांडून टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. टँकर आठ दिवसांपासून येणार होता. त्यांच्यातल्या चतुराबाईंनी डोईफोड्यांना लांबूनच ओळखलं. साठी उलटलेल्या या बाई महिन्याआड कार्यालयात यायच्या. खडकवस्तीच्या शिवारातून कालव्याची चारी गेली होती, पण चारीच्या शेवटाला पाणी कधी पोचत नव्हतं. एक आवर्तन सोडा, विहिरीला पाझर येईल, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. डोईफोडे प्रत्येक वेळी त्यांच्या अर्जावर शिक्का मारायचे.

"साहेब? तुमी? आन् पायी?"

"सराव चाललाय," धापा टाकत डोईफोडे म्हणाले. "चालायचा. पुढं लांब जायचंय."

चतुराबाईंनी पिशवी पाहिली, काठी पाहिली, टोपी पाहिली. सरकारी माणूस उगाच चालत नाही. आणि या जिल्ह्यात सकाळच्या पारी पिशवी घेऊन जो बीडच्या दिशेनं पायी निघतो, त्याची काहीतरी मागणी असते; नाहीतर तो एसटीनं जातो. बाईंनी पदर खोचला आणि उठल्या.

"चला गं. पान्याच्या हापिसातलाच मानूस चालायलाय, मंग आपुन हितं बसून काय करावं?"

डोईफोड्यांनी तीनदा समजावून सांगितलं. पहिल्यांदा बायांना तो विनय वाटला. दुसऱ्यांदा त्यांना वाटलं, नोकरीतला माणूस आहे, उघड कसं बोलेल. तिसऱ्यांदा चतुराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "कळलं साहेब. आमी कुनाला सांगत न्हाई." आणि सगळ्याजणी रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या मागे चालू लागल्या.

पुढच्या प्रत्येक फाट्यावर माणसं वाढली. कुणी कशासाठी म्हणून विचारलं नाही. घागरी दिसत होत्या. बीडची वेस आली तेव्हा पन्नास-साठ जण झाले होते, आणि तिथं सर्जेराव मोटारसायकलवर आडवे आले. त्यांचा चेहरा दुखावलेला होता. इतक्या जवळच्या माणसानं मोर्चा काढावा आणि त्यांना सांगू नये!

"अहो, मोर्चा नाहीये हा!" डोईफोडे कळवळून म्हणाले.

"माझ्याशी बी लपवाछपवी? ऱ्हाऊ द्या. निवेदन लिवलंय का?"

निवेदन लिहिलेलं नव्हतं. सर्जेरावांनी मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवून ते दोन मिनिटांत लिहिलं आणि खाली 'निमंत्रक : सोमेश्वर डोईफोडे' असं ठळक अक्षरात घातलं. स्वतःचं नाव त्यांनी मोठ्या मनानं वगळलं. आधीच्या मोर्चांच्या दोन केसेस त्यांच्यावर अजून चालू होत्या. मग त्यांनी मोबाईल उंच धरला आणि घोषणा दिली, "डोईफोडे साहेब आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ है!" साठ माणसं ओरडली.

आता खरं सांगायचं तर याच क्षणी डोईफोड्यांना रस्त्याच्या कडेला होऊन निसटता आलं असतं. पण सव्वीस वर्षांत त्यांचं नाव इतक्या मोठ्यानं फक्त फाईल सापडत नसल्यावरच कुणी घेतलं होतं. त्यांना बरं वाटलं. गुडघा सुजला होता, टाचेला फोड आला होता, तरी फार बरं वाटलं. पुन्हा त्यांनी खुलासा केला नाही.

कार्यालयाच्या पायरीवर विजयसिंह साहेब उभे होते. हे उपअभियंता फार मृदू बोलत आणि म्हणून सगळे त्यांना टरकून असत. "निवेदन आवकला द्या," ते म्हणाले आणि आत वळून विचारलं, "डोईफोडे कुठं आहेत?"

"साहेब," सत्यम नावाचा नवा लिपिक चाचरत म्हणाला, "ते मोर्चाच्या म्होरं हायेत."

डोईफोडे आत आले. पिशवी भिंतीला टेकवली. टेबलामागे जाऊन बसले आणि चष्मा लावला. चतुराबाईंनी पुढे केलेलं निवेदन त्यांनी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं वाचलं, दुसरी प्रत आहे का विचारलं, शिक्का नेहमीसारखा कडेला समांतर मारला, आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस घातला, सही केली आणि पोच बाईंच्या हातात दिली. बाहेर टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस निघाली. शासकीय कर्मचाऱ्यानं शासनाविरुद्ध मोर्चाचं नेतृत्व करून वर्तणूक नियमांचा भंग केला, सबब खुलासा करावा, तोवर मुख्यालय सोडू नये. नोटीस बाहेर पाठवायची म्हणून तिला जावक क्रमांक डोईफोड्यांनीच दिला, आणि नोटीस मिळाली म्हणून सहीही त्यांनीच केली. अक्षर दोन्हीकडे सुरेख होतं.

मुख्यालय सोडायचं नाही म्हणजे दलदल संपली. निघायला दहा दिवस उरले होते. संस्कृती रोज फोन करून पाण्याच्या बाटल्या किती, टॉर्चचे सेल कुठले असं विचारायची, आणि डोईफोडे रोज उत्साहानं खोटं बोलायचे.

विजयसिंह साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली.

"डोईफोडे, मोर्चा काढणाऱ्यातले तुम्ही नाही. मला ठाऊक आहे. लिहून द्या ना तसं. माझा या मोर्चाशी संबंध नाही, मी व्यायामासाठी चालत होतो. खरंच आहे ते. नोटीस मागं घेतो, रजेवर आजच सही करतो."

"आणि निवेदन, साहेब?"

"निमंत्रकच म्हणतोय मी निमंत्रक नाही, मग निवेदन निनावी झालं. निनावी अर्ज दप्तरी दाखल करायचे, असा नियमच आहे." साहेब हसले. "चारीला पाणी सोडायचं तर वरच्या बागाईतदारांचे फोन तुम्ही घेणार आहात का?"

त्या संध्याकाळी डोईफोडे जेवले नाहीत. वनमालाबाई म्हणाल्या, "तुम्ही चालतच होतात ना नुसते? मग लिहा की खरं ते." म्हणणं बिनतोड होतं. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या सांगण्यावरून बरंच खोटं लिहिलं होतं आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. खरं लिहायला इतकं लाजिरवाणं वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पण मुलीचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी सकाळी लिहून दिलं.

सगळं भराभर झालं. नोटीस रद्द झाली, रजा मंजूर झाली. पोच चतुराबाईंच्या नावची असल्यामुळे त्यांना कळवणं भाग होतं. ते पत्रही तयार झालं. डोईफोड्यांनी त्याला जावक क्रमांक दिला, पाकिटावर पत्ता लिहिला, डिंक लावला आणि पाकीट नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरलं. मग ते टपालात टाकून बाजारात टॉर्चचे सेल आणायला गेले.

शुक्रवारी सकाळी पुण्याची एसटी होती. पिशवी वर टाकून, पायात खिशांचे मोजे चढवून डोईफोडे खिडकीशी बसले होते, वनमालाबाई खाली उभ्या राहून डास चावू देऊ नका असं सांगत होत्या, आणि फलाटावरून दहा-बारा बाया घाईनं येताना दिसल्या. पुढे चतुराबाई होत्या. डोईफोडे जागेवरून उठले. ते दारात येऊन उभे राहिले.

"गावलाव बाई एकदाचे!" चतुराबाई दम खात म्हणाल्या. "सर्जेराव म्हनले, साहेब लांब निघालेत. आमी म्हनलं, आपल्यासाठी चालायलेत तर वाटंला लावून तरी यावं." त्यांनी फडक्यात बांधलेली धपाटी पुढे केली. "आन् हे बघा. काल टप्पाल आलं, नंबराचं. तुमच्याच हातानं फोडावं म्हनून तसंच ठिवलं. वाचा."

पाकीट डोईफोड्यांनी ओळखलं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता. बाया डोक्यावरचा पदर सावरून ऐकायला जवळ आल्या. डोईफोड्यांनी पाकीट फोडलं आणि, दुसरं काहीच सुचेना म्हणून, वाचायला सुरुवात केली.

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निवेदनाचे निमंत्रक श्री. डोईफोडे यांनी आपला सदर मोर्चाशी काहीही संबंध नसून आपण व्यायामार्थ चालत होतो असे लेखी दिले आहे. सबब सदर निवेदन निनावी समजून दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे पाणी येणार नाही."

"आन् डोईफोडे म्हंजे तुमीच ना?"

"मीच."

चतुराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मंग तुमी खरंच नुसते चालत होताव?"

"तीनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," बाईंनी कबूल केलं. "आमाला वाटलं, भेता म्हनून तसं बोलायलाव." मग त्यांनी धपाट्यांचं फडकं त्यांच्या हातात कोंबलं. "घ्या. चालायचं तर पोटात काय पायजे."

बाई दोन शिव्या देत्या तर डोईफोडे निमूट ऐकून जागेवर जाऊन बसले असते. पुण्याला गेले असते, दलदलीतही गेले असते. पण त्यांना धपाटी दिली गेली आणि त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की गाडीत उभं राहवेना. ते आत गेले, पिशवी ओढून काढली आणि खाली उतरले. कंडक्टरनं घंटी मारली. वनमालाबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी पिशवीचा एक पट्टा धरला.

डोईफोड्यांनी बाकावर बसून नवीन निवेदन लिहिलं. पहिलं नाव चतुराबाईंचं, मग बाकीच्यांची, प्रत्येकीचं गाव, वय, आधार क्रमांक, अंगठा आणि अंगठ्याखाली 'समक्ष'. ते निनावी ठरवायला कुणाला जागा राहू नये असं लिहिलं. सव्वीस वर्षांत अर्जाचं काय काय करतात ते त्यांनी पाहिलं होतं, त्यातली एकही फट त्यांनी उघडी ठेवली नाही. मधेच संस्कृतीचा फोन आला. "बाबा, मिळाली ना गाडी?"

"सुटली," ते म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला. त्यांना फार वाईट वाटलं, पण हातातला अंगठ्याचा कागद वाळायच्या आत त्यांना कार्यालयात पोचायचं होतं.

सगळे कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या टेबलावर सत्यम बसला होता. डोईफोड्यांनी निवेदन पुढे केलं. सत्यमनं ते पाहिलं, आदरानं उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आवक बंद हाय साहेब. आवक-जावक डोईफोडे साहेबांकडं असतं. ते रजेवर हायेत. तेवीस तारखेला या."

"सत्यम, अरे, मीच डोईफोडे."

"मला काय म्हाईत न्हाई का साहेब. पर तुमी रजेवर हाव. रजेवरच्या मानसानं रजिस्टरला हात लावायचा न्हाई, ह्ये तुमीच शिकवलंय."

"मग तू घाल नंबर."

"मला चार्ज कुठं दिलाय?"

डोईफोड्यांना आठवलं. टॉर्चच्या सेलच्या घाईत चार्ज द्यायचा राहून गेला होता. "बरं," ते म्हणाले, "मी रजा रद्द करतो. आत्ता. कागद दे."

सत्यमनं कागद दिला, पेनही दिलं. डोईफोड्यांनी उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि विचारलं, "साहेबांकडं नेऊ?"

"तसं थेट कसं नेता येईल साहेब?" सत्यम अगदी कळवळ्यानं म्हणाला. "आधी आवक करावं लागंल की."

डोईफोडे दोन्ही कागद हातात धरून बाहेर आले आणि पायरीवर बसले. चतुराबाई शेजारी टेकल्या. बाकीच्या बाया व्हरांड्यात पसरल्या.

"काय म्हनला?"

"आवकचा माणूस रजेवर आहे. तेवीसला येणार."

चतुराबाईंनी बोटांवर दिवस मोजले. असे दिवस त्यांनी पुष्कळ मोजले होते.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर तवर तुमी कुठं जाऊ नका साहेब."

डोईफोड्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मोज्यांच्या नाड्या सोडायला घेतल्या.